शिवणीतली माया : लक्ष्मीपुरीतील शिंपीकाकांकडे शिवलेले दोन सूट

लग्नाच्या स्वागत समारंभापुरता सूट शिवून देणारी दुकाने कोल्हापुरात गल्लोगल्ली आहेत. परंतु एकोणीस वर्षांच्या मुलाला सलग दोन वर्षे, थंडीपावसात, पायी, बसने आणि प्रसंगी सायकलवरून हिंडताना वापरता येईल असा सूट हवा असेल, तर तो कोणाकडे शिवावा, हा प्रश्न गेल्या मार्चमध्ये आमच्यापुढे उभा राहिला. त्याचे उत्तर आम्हाला लक्ष्मीपुरीत, व्हीनस कॉर्नरच्या अलीकडच्या एका गल्लीत, पाटी नसलेल्या दुकानात सापडले. पाटी पूर्वी होती. 2019 च्या ऑगस्टमधील महापुरात ती गेली आणि काकांनी ती पुन्हा लावलीच नाही, कारण त्यांच्या मते ज्याला यायचे आहे तो विचारत येतो.

माझी बहीण आणि मेहुणे नोकरीनिमित्त बेंगळुरूला असताना द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स या चर्चचे सदस्य झाले. लोक त्यांना मॉर्मन म्हणतात, पण 2018 पासून चर्चनेच पूर्ण नाव वापरण्याचा आग्रह धरला असल्यामुळे बहीण मला दर वेळी दुरुस्त करते. मी स्वतः त्या चर्चचा नाही. आमच्या देवघरात अंबाबाई आहे आणि ती तेथेच राहील. तरीही भाचा मिशनला, म्हणजे चर्चच्या धर्मप्रचाराच्या सेवेला, निघाला तेव्हा त्याच्या कपड्यांची जबाबदारी मामाने घ्यायची, यावर घरात चर्चासुद्धा झाली नाही. या चर्चमध्ये तरुण मुले अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर मिशनसाठी अर्ज करू शकतात (2012 पर्यंत ही अट एकोणीस वर्षांची होती). मुलांचा सेवाकाळ चोवीस महिन्यांचा आणि मुलींचा अठरा महिन्यांचा असतो. पगार नसतो, उलट खर्चाचा भार त्या तरुणाने आणि त्याच्या कुटुंबाने उचलायचा असतो. भाच्याने बारावीनंतर एक वर्ष छापखान्यात काम करून पैसे साठवले, बहिणीने आवर्ती ठेव मोडली, त्याच्या आत्याने बूट घेतले आणि सूट माझ्याकडे आले.

नेमणुकीचे पत्र पूर्वी जाड लिफाफ्यातून टपालाने येत असे. 2018 च्या अखेरीपासून ते संगणकावरच उघडते. राजारामपुरीतील घरी आम्ही नऊ माणसे एका लॅपटॉपभोवती जमलो होतो आणि भाच्याने वाचले ते ठिकाण इंग्लंडमधील लीड्स निघाले. प्रशिक्षणाचा पहिला आठवडा घरूनच संगणकावर आणि त्यानंतरचा भाग लँकेशायरमधील चोर्ली येथील केंद्रात, असा कार्यक्रम होता. पत्रासोबत कपड्यांची यादीही होती : गडद, साध्या रंगाचे सूट, पांढरे शर्ट, टाय, दिवसभर चालता येईल असे बूट. चकाकणारे कापड, अतिघट्ट बेत आणि नक्षी नको.

ही यादी घेऊन आम्ही प्रथम एका मोठ्या दालनात गेलो. तेथील विक्रेत्याने यादी पाहिलीही नाही आणि मुलगा तरुण आहे म्हटल्यावर घोट्याशी आवळलेल्या पँटचा, निळसर चमक मारणारा सूट त्याच्या अंगावर चढवला. भाचा आरशासमोर वाकून बसू लागला तेव्हा मागून आलेला आवाज आम्ही सर्वांनी ऐकला. विक्रेता म्हणाला की सूट घालून इतके खाली बसायचे नसते.

शिंपीकाकांनी मात्र यादी हातात घेतली, चष्मा बदलला आणि ती मोठ्याने वाचून काढली. मग कापडाविषयी अवाक्षर न काढता त्यांनी भाच्याला प्रश्न विचारायला सुरुवात केली. रोज किती चालणार? सायकल असणार का? खांद्याला पिशवी की पाठीला? कपडे कोण धुणार? खोलीत इस्त्री मिळणार का? काही उत्तरे आमच्याकडे नव्हतीच. "मिशनरी म्हणजे आपल्या वाइल्डरसाहेबांसारखं काय?" असेही त्यांनी मध्येच विचारले. 1852 मध्ये कोल्हापुरात आलेले अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर वेगळ्या पंथाचे, असे मी सांगितले, काकांनी मान हलवली आणि विचारले, "पण चालायचे तेवढंच ना?"

त्यांचे म्हणणे असे की रोजच्या वापरात कोट टिकतो आणि पँट मरते. मांड्यांच्या आतल्या बाजूला कापड घासून विरते, बैठक चकाकू लागते, आणि मग चांगला कोट केवळ जोडीची पँट नाही म्हणून पेटीत पडून राहतो. म्हणून एका कोटामागे त्याच ताग्यातील दोन पँट शिवायच्या आणि आलटून पालटून घालायच्या. आम्ही दोन कोट आणि चार पँट ठरवल्या : एक जोड काळपट करड्या रंगाचा, दुसरा गडद निळा. कापड पॉलिएस्टर आणि लोकरीचे मिश्र, 55 ला 45. निव्वळ लोकर सुंदर पडते, पण ती जपणारा माणूस घरात हवा, असे ते म्हणाले, आणि भाच्याने खाली पाहिले, कारण त्याच्या खोलीची अवस्था त्याला ठाऊक आहे. कापणीपूर्वी काकांनी सर्व कापड वाफेच्या इस्त्रीखाली आटवून घेतले.

चहाचा प्रसंग सांगायलाच हवा. लक्ष्मीपुरीत दुकानात बसून चहा न घेणे म्हणजे काहीतरी बिनसले असल्याची खूण मानली जाते. या चर्चचे लोक 1833 पासून चालत आलेल्या आहारनियमानुसार चहा, कॉफी, दारू आणि तंबाखू घेत नाहीत. भाच्याने हात जोडून नको म्हटले, तेव्हा काकांनी कारण विचारले नाही. दुसऱ्या खेपेला मात्र आम्ही पोहोचताच त्यांनी दुकानातल्या पोराला पाठवून भाच्यासाठी दुधाचा पेला मागवला. कोल्हापूरच्या म्हशीच्या दुधाला कोणत्याही धर्माची हरकत नसावी, हे माझे मत.

कच्च्या टाक्यांची पहिली ट्रायल समाधानकारक नव्हती. मानेमागे कॉलर बोटभर सुटत होती आणि उजवी बाही डावीपेक्षा थोडी लांब दिसत होती. बाहीच्या बाबतीत काकांनी भाच्याचा उजवा खांदा किंचित उतरता असल्याचे दाखवून दिले, ते आम्हाला एकोणीस वर्षांत कळले नव्हते. कॉलरची चूक मात्र त्यांनी सरळ मान्य केली आणि तेथेच उसवली. दुसऱ्या ट्रायलला दोन्ही कोट खांद्यावर नीट बसले. छातीच्या खिशाला त्यांनी आतून कडक बक्रम घातले होते, कारण मिशनरी आपल्या नावाची काळी पट्टी तेथे अडकवतात आणि मऊ खिसा तिच्या वजनाने लोंबतो, असा विचार त्यांनी पट्टी न पाहताच केला होता. पँटच्या जांघेत आतून अस्तराचा दुपदरी तुकडा, गुडघ्याच्या खालपर्यंत अस्तर, मोरी, म्हणजे पायाशी घेर, रुंद ठेवलेली. आणि कंबरेच्या मागच्या शिवणीत जवळजवळ दोन इंच माया, म्हणजे पुढे सोडता येईल असे दुमडलेले जादा कापड. इतकी कशाला, असे मी विचारले. या वयात पोर एक तर वाळते नाही तर सुटते, परमुलुखात कोण जाणे, असे म्हणून त्यांनी खडू कानावर ठेवला. माझ्या बहिणीने त्या वेळी उगीचच काचेतल्या बटणांकडे पाहायला सुरुवात केली.

तक्रारी आहेत आणि त्या लिहिणे आवश्यक आहे. काम ठरल्यापेक्षा चार दिवस उशिरा मिळाले. घरचे प्रशिक्षण सुरू होण्याची तारीख ठरलेली असताना हे चार दिवस फार जड गेले, आणि फोन केला की "शिवण चाललीय" एवढेच उत्तर मिळे. निळ्या कोटाच्या बाहीवरील बटणे पुढच्या बटणांपेक्षा एक छटा फिकी होती. ती बदलून मिळाली, पण दाखवून द्यावी लागली. छापील बिल मिळत नाही, वहीतील पानावर हिशेब मिळतो. आमचा हिशेब असा : नऊ मीटर कापड 1,150 रुपये मीटरने 10,350 रुपये, दोन सूटांची शिलाई 10,000 आणि जादा दोन पँटची 1,400, एकूण 21,750 रुपये. त्या दालनातील एकाच चमकत्या सूटची किंमत 14,000 होती.

कपड्यांची पहिली परीक्षा कोल्हापुरातच झाली, तीही मे महिन्यात. घरचे प्रशिक्षण सुरू होण्यापूर्वी मुलाला विधिपूर्वक मिशनरी म्हणून नेमतात आणि तेव्हापासून तो एल्डर या नावाने ओळखला जातो व मिशनरीचे नियम पाळतो. इंग्लंडचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असल्यामुळे त्याचे वर्ग दुपारी दीडला सुरू होऊन रात्रीपर्यंत चालत. त्या आठवड्यात घराने जे केले त्याला तयारी म्हणायचे की तपश्चर्या, हे मला ठरवता आलेले नाही : टीव्ही बंद, मिक्सर सकाळीच, दाराशी आलेल्या शेजाऱ्यांना पायरीवरूनच निरोप, आणि वीज गेली तर मोबाइलचे नेट तयार. आतल्या खोलीत हा मुलगा पांढरा शर्ट आणि टाय लावून, सूटची सवय व्हावी म्हणून पहिले दोन दिवस अंगात कोटही घालून, पडद्यावरच्या शिक्षकांशी आणि आपल्यासारख्याच इतर मुलांशी इंग्रजीत बोलत बसे. टेबलाखाली पायांत मात्र कोल्हापुरी चप्पल. तिसऱ्या दिवशी कोट हँगरवर गेला. एवढ्या घामानंतरही छातीवर बुडबुडे आले नाहीत की अस्तर ओढले गेले नाही, याची नोंद मी मुद्दाम करतो, कारण आतले कापड शिवण्याऐवजी स्वस्तात चिकटवलेले कोट असल्या उन्हात फुगतात.

निघण्याच्या आदल्या दिवशी भाचा सूट घालून दुकानात गेला. काकांनी त्याला एकदा वळायला लावले, मागची शिवण बोटांनी चाचपली आणि म्हणाले, "एके काळी मँचेस्टरचं कापड इकडं यायचं, आता आपला सूट तिकडं निघाला." त्यांचे वडील शाहू मिलमध्ये होते, ती 1906 मध्ये शाहू महाराजांनी काढलेली मिल, त्यामुळे या वाक्यावर ते स्वतःच बराच वेळ खूश होते. सोबत त्यांनी दोन्ही रंगांच्या दोऱ्यांच्या रिळी, चार जादा बटणे आणि सुई एका पुडीत बांधून दिली. तिचे पैसे घेतले नाहीत.

मिशनरींना आता आठवड्यातील तयारीच्या, म्हणजे धुणे-खरेदीसारख्या स्वतःच्या कामांसाठी राखलेल्या, दिवशी घरी फोन करता येतो. ही सवलत 2019 मधील, त्याआधी वर्षातून मोजक्याच वेळा आवाज ऐकू येई. गेल्या आठवड्याच्या फोनवर भाच्याने हवामान, सोबतचा मिशनरी आणि घरमालकिणीची मांजर यांविषयी सांगून झाल्यावर हळूच सांगितले की पँट कमरेत घट्ट होऊ लागल्या होत्या, म्हणून तेथील एका बाईंकडून त्याने दोन पँट इंचभर सोडवून घेतल्या. मी दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपुरीत जाऊन काकांना ते कळवले. दुकान सोमवारी बंद असते, इतर दिवशी साडेदहापासून उघडे. त्यांनी जुनी वही काढली, भाच्याचे माप शोधले, कंबरेचा आकडा खोडून नवा लिहिला आणि विचारले, "म्हणजे आत अजून पाऊण इंच हाय ना?"