८ बाय ४२ची दुर्बीण: परसातल्या शिंजीरापासून हिप्परग्याच्या हंसापर्यंत

सोलापुरात पक्षी बघायला कुठली दुर्बीण घ्यावी असं बरेच जण विचारतात, मी गेल्या हिवाळ्यापासून ८ बाय ४२ वापरतोय, म्हणून जरा सविस्तरच लिहितो. कंपनीचं नाव टाकत नाही कारण साडेसहा ते आठ हजारात चार-पाच कंपन्यांचं जवळपास सारखंच मिळतं, आकडे बघून घ्या म्हणजे झालं.

८ म्हणजे आठपट मोठं दिसतं आणि ४२ म्हणजे पुढच्या काचेचा व्यास, मिलीमीटरमध्ये. दुकानात गेलं की १० एक्स घ्या, २० एक्स घ्या म्हणून मागे लागतात. पण जेवढं मोठं दिसतं तेवढाच हाताचा थरथराटपण मोठा होतो ना, आणि दिसणारा भागही लहान होतो, मग कोतवाल तारेवरून उडाला की शोधतच बसा. माझ्या मेहुण्याकडे झूमवाली आहे, पक्षी फोकसमध्ये येईपर्यंत पुढच्या झाडावर गेलेला असतो.

खरी गोष्ट दुकानदार सांगतच नाही, ती म्हणजे जवळचा फोकस, म्हणजे कमीत कमी किती अंतरावरचं स्पष्ट दिसतं ते. माझ्या दुर्बिणीचा दोन मीटर आहे आणि परसात बसून बघणाऱ्याला हाच आकडा सगळ्यात महत्त्वाचा. जास्वंदीवर जांभळा शिंजीर येतो, नुसत्या डोळ्यानं बघितलं तर काळा ठिपका, पण सकाळचं ऊन पडलं आणि त्यानं मान वळवली की डोक्यावरून निळा-जांभळा रंग असा सरकत जातो की बघतच राहावं, आणि विणीचा हंगाम संपला की तोच नर खालून पिवळट होतो, गळ्यापासून पोटापर्यंत फक्त एक काळी रेघ उरते, ती रेघ मला पहिल्यांदा या दुर्बिणीतूनच दिसली. कढीपत्त्यावर लिंबाच्या फुलपाखराच्या अळ्या असतात, लहानपणी अगदी पक्ष्याची शिट वाटतात आणि मोठ्या झाल्या की हिरव्यागार, हे झाडाला हात न लावता खुर्चीत बसून बघता येतं.

बाहेर पण मस्तच. हिप्परग्याच्या तलावावर हिवाळ्यात पट्टकदंब हंस येतात, हिमालय ओलांडून, डोक्यामागचे दोन काळे पट्टे काठावरून स्पष्ट दिसतात. पहाटे गेलात तर ४२ची काच कामी येते, खिशातल्या ८ बाय २५मधून त्या उजेडात सगळं अंधुकच. मंगळवेढ्याकडे ज्वारी भरात आली की भोरड्यांचे थवे उतरतात, शेतकरी गोफण घेऊन त्यांच्या मागे असतो, त्याचं नुकसान होतं हे खरंच, पण तारेवर बसलेली एखादी भोरडी नीट बघा, काळं डोकं आणि गुलाबी अंग, इतका देखणा पक्षी आपल्याकडे पाहुणा येतो याचं मला फार अप्रूप वाटतं. नान्नजला माळढोकसाठी १९७९ साली अभयारण्य झालं, आता माळढोक दिसणं नशिबाचा भाग, पण काळविटांचे कळप दिसतात, नराची पिळाची शिंगं लांबूनसुद्धा छान कळतात. फक्त एप्रिल-मेमध्ये माळावर सकाळी लवकरच जा, ऊन चढलं की जमिनीवरची हवा लाटांसारखी हलायला लागते आणि मग लाखाच्या दुर्बिणीतूनपण काळवीट वितळल्यासारखंच दिसणार.

तक्रारी पण आहेत. पट्टा एकदम हलका, मान कापते, मी लगेच रुंद पट्टा घेतला. पुढच्या काचांची रबरी झाकणं सैल आहेत, स्कूटरवर एक कुठं पडलं कळलंच नाही. वजन सातशे ग्रॅमच्या आसपास, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जास्त वेळ धरवत नाही, आईला मी कोपर खुर्चीच्या हातावर टेकवून देतो.

पाचपैकी चार स्टार. घ्यायला जाल तेव्हा दुकानाबाहेर उजेडात येऊन बघा, चष्मा असेल तर चष्म्यासकट बघा, डोळ्याकडचे रबरी कप आत फिरवून पूर्ण गोल दिसतोय का ते तपासा. उजव्या डोळ्याजवळची रिंग एकदा आपल्या नजरेप्रमाणे लावून ठेवा, नाहीतर अर्ध्या तासात डोकं दुखतं. आणि आपल्याकडची धूळ तर माहितीच आहे, काच शर्टाला पुसू नका, आधी ब्लोअरनं धूळ उडवा मग मऊ कापड, नाहीतर काचेवरच्या कोटिंगला ओरखडे पडतात आणि ते काही निघत नाहीत.