लेबर पक्षात कुणाच्या बाजूने उभं राहायचं?

ब्रिटनमध्ये कायदेशीर वास्तव्य असलेल्या भारतीय नागरिकाला राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून तिथल्या संसदीय निवडणुकीत मत देता येतं. त्यामुळे लेबर पक्षाकडे ओढा असलेल्या तिथल्या मराठी माणसाने या पक्षातला जुना वाद समजून घ्यायलाच हवा. परराष्ट्र धोरणाचे तिथे तीन प्रवाह आहेत. तिघांनाही मी एकच प्रश्न विचारतो: किंमत कुणी मोजली?

पहिला अर्नेस्ट बेव्हिन यांचा. कामगार पुढारी, पण परराष्ट्रमंत्री म्हणून त्यांनी अमेरिकेला युरोपच्या संरक्षणाशी बांधून घेतलं. 1949 मध्ये नाटो उभी राहिली. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर त्यांची दूरदृष्टी पटते. मात्र 1951 मध्ये, कोरियन युद्धामुळे शस्त्रखर्च वाढला तेव्हा, तोवर सरकारी आरोग्यसेवेत मोफत असलेल्या कवळ्या आणि चष्म्यांवर शुल्क बसलं. आरोग्यसेवा उभारणारे अन्युरिन बेव्हन (नावं सारखी, पण हे डाव्या गटाचे) राजीनामा देऊन मंत्रिमंडळातून बाहेर पडले. 2025 मध्ये पुन्हा तेच: संरक्षणखर्च वाढवण्यासाठी लेबरचे पंतप्रधान स्टार्मर यांनी परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.5 वरून 0.3 टक्क्यांवर आणायचं ठरवलं आणि त्या खात्याच्या मंत्री ॲनेलीज डॉड्स यांनी पद सोडलं. दोन्ही वेळा कात्री गरिबाच्या वाट्याला लागली, हे मला सलतं.

दुसरा युद्धविरोधी, पक्षाचे माजी नेते जेरेमी कॉर्बिन यांचा. इराकबाबत हीच मंडळी बरोबर ठरली. पण 2019 च्या ब्रायटन अधिवेशनात काश्मीरमध्ये आंतरराष्ट्रीय निरीक्षक पाठवण्याचा आणि तिथल्या लोकांसाठी स्वयंनिर्णयाचा हक्क मागण्याचा ठराव झाला आणि अनेक भारतीय दुखावले. राग समजतो. तरी एक विसरू नये: स्वयंनिर्णयाच्या याच तत्त्वापायी लेबरमधल्या डाव्यांनी भारताच्या स्वातंत्र्याची बाजू घेतली होती, आणि कृष्ण मेनन लंडनच्या सेंट पँक्रसमध्ये लेबरचे नगरसेवक होते. तेव्हाचं तत्त्व गोड आणि आताचं कडू, असं मला म्हणता येत नाही. या प्रवाहाची खरी उणीव मला युक्रेनमध्ये दिसते. आक्रमण झालेल्या देशाला शस्त्रं द्यायची की नाही, यावर तो चाचपडतो.

तिसरा माजी पंतप्रधान टोनी ब्लेअर यांचा: अत्याचार थांबवण्यासाठी फौजा पाठवा. 1999 मध्ये कोसोवो, 2000 मध्ये सिएरा लिओन आणि मग इराक. तिथली किंमत इराकी जनतेने मोजली.

माझा कौल तिघांपैकी एकालाही सरसकट नाही. मला रॉबिन कुक यांची कसोटी पटते. परराष्ट्रमंत्री म्हणून कोसोवोच्या कारवाईला पाठिंबा देणारे कुक 17 मार्च 2003 ला मंत्रिमंडळातून बाहेर पडले. कारण त्यांनी भाषणातच सांगितलं: इराकच्या या युद्धाला ना नाटोची संमती, ना युरोपीय संघाची, ना सुरक्षा परिषदेची. दुसऱ्या दिवशी लेबरच्याच 139 खासदारांनी सरकारविरुद्ध जाऊन, युद्धाची गरज अजून सिद्ध झालेली नाही असं म्हणणाऱ्या दुरुस्तीच्या बाजूने मत दिलं.

तुमच्या मतदारसंघात उमेदवार निवडायची सभा असेल, तर इच्छुकाला नाटो हवी की नको एवढंच विचारून थांबू नका. फौजा पाठवायच्या आधी कुणाची संमती लागेल आणि पैसा कुठल्या खात्यातून काढणार, तेही विचारा.