मिठी नदी की खाडीतले फ्लेमिंगो?

मुंबईच्या बदलत्या निसर्गावर पहिला लेख लिहायचाय, पण मिठीवर लिहू की ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंवर, असं भाचीने विचारलं.

खर्च दोन्हीकडे लोकलच्या तिकिटाइतकाच. फरक वेळेचा. फ्लेमिंगो साधारण हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत दिसतात, तेही भरती-ओहोटी पाहून जावं लागतं. मिठी बारमाही, पवईपासून माहीमपर्यंत कुठल्याही पुलावर उभं राहा.

माणसाचा हात मिठीत उघड दिसतो: भराव, भिंती, सांडपाणी. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला आणि आक्रसलेली नदी वस्त्यांत शिरली. तो दिवस सोसलेली माणसं कुर्ल्यात, कलिन्यात आजही भेटतात. त्यांच्याशी बोलल्याशिवाय मिठीवर लिहूच नये. फ्लेमिंगोंचं लिखाण अधिक अवघड. सांडपाण्यातल्या पोषकद्रव्यांवर शेवाळ वाढतं, आणि शेवाळ हे त्यांचं खाद्य. यातून ‘प्रदूषण चांगलं’ असा अर्थ निघू नये, म्हणून शब्द फार जपून वापरावे लागतात.

पक्ष्यांची ओळख आणि हंगामभर थांबायची तयारी असेल, त्याने खाडी घ्यावी. माणसांशी बोलायला आवडतं, त्याने मिठी. भाचीला मी मिठीच सुचवली.