दगडी भिंतीत नवी खिडकी: लोखंडी चॅनेल की सिमेंटचं लिंटेल?

औसा-निलंग्याकडची जुनी दगडी घरं उन्हाळ्यात गार, पण आत दिवसाही दिवा लावावा लागतो. आईच्या खोलीला खिडकी काढायची ठरली, तेव्हा वरचा भार पेलायला लोखंडी चॅनेल (C आकाराची लोखंडी तुळई) घ्यावं की सिमेंटचं लिंटेल (खिडकीवरची आडवी काँक्रीटची तुळई), याच प्रश्नावर आम्हीही अडलो होतो.

आधी छताचा भार कशावर आहे ते बघा. खणाच्या माळवदात, म्हणजे खांब-तुळयांवरच्या मातीच्या सपाट छतात, तुळया लाकडी खांबांवर असतात, भिंत फक्त स्वतःचं वजन पेलते. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या भिंती ढासळल्या, पण काही ठिकाणी लाकडी सांगाडा उभा राहिला. खांब भिंतीत दडलेलाही असतो. खोदताना तो लागला तर खिडकीची जागा बदला, खांब कापू नका.

नऊ इंची विटांची भिंत आणि वर स्लॅब असेल, तर माझं मत चॅनेलला. एका बाजूने खाच पाडून पहिलं चॅनेल बसवायचं, वरची फट कोरड्या सिमेंट-वाळूच्या मालाने ठोकून भरायची. तो माल घट्ट झाला की दुसऱ्या बाजूला हात घालायचा आणि शेवटी दोन्ही बोल्टने आवळायची. लोखंड क्युरिंग (रोज पाणी मारत राहणं) मागत नाही. मे महिन्यात टँकरवर भागवणाऱ्या गावात ही सोय मोठी. गंजरोधक रंग आणि जाळी लावून प्लास्टर मात्र हवंच, नाहीतर गंज फुगून प्लास्टर सुटतं.

जागेवर ओतलेलं लिंटेल स्वस्त पडतं, पण पक्कं होईपर्यंत भिंत टेकूंवर ठेवावी लागते. मातीत रचलेल्या दगडी भिंतीत मी हा धोका पत्करणार नाही. चांगल्या विटकामात लिंटेलवर साधारण त्रिकोणाएवढाच भार येतो, बाकीचा कमानीसारखा बाजूला जातो. माती आणि गोट्यांच्या भिंतीत तो भरवसा नाही.

अशा दोन फुटी भिंतीसाठी लिंटेलच्या तुळया अंगणातच ओता. तीन फुटी खिडकीला साडेचार फूट लांब, आठ इंच रुंद, सहा इंच उंच अशा तीन. म्हणजे दोन्हीकडे नऊ-नऊ इंच टेकण मिळतं. एकेक सुमारे 100 किलोची, चौघांना उचलता येते. दोन-तीन आठवडे ओलं पोतं टाकून ठेवा, मग एकेक करून बसवा. टेकणाखाली काँक्रीटची बैठक हवी, नाहीतर तुळई मातीत रुतते. वेळ जातो, पण भिंत एकदम उघडी पडत नाही.

आमच्या पहिल्या मिस्त्रीने ब्रेकर (भिंत फोडायचं विजेचं यंत्र) लावला. दहा मिनिटांत वरच्या सांध्यातून माती पिठासारखी झरू लागली आणि काम थांबवावं लागलं. दगडी भिंतीला छिन्नी-हातोडाच बरा. जुन्या भेगेवर पीओपीचा पातळ पट्टा लावून ठेवा. तो तडकला की भिंत हलतेय असं समजून काम थांबवा, टेकू वाढवा आणि इंजिनिअरला बोलवा.

आईला खिडकी कोपऱ्यातच, पलंगाशी हवी होती. कोपऱ्याचा सांधा कमजोर होऊ नये म्हणून आम्ही अडीच फूट सोडले आणि पलंग सरकवला.