वायरचं ड्रिल की बॅटरीचं?

वाकडच्या नव्या फ्लॅटमध्ये पडद्यांचे रॉड लावायचेत, म्हणून भाच्याने विचारलं, "मामा, वायरचं ड्रिल घेऊ की बॅटरीचं?"

आधी भिंत बघ. काँक्रीटला 12 व्होल्टचं साधं बॅटरी ड्रिल पुरत नाही. मग माणूस स्टुलावर उभा राहून अंगाचा भार टाकतो, आणि तोल तिथेच जातो. वायरचं हॅमर ड्रिल, म्हणजे फिरता फिरता ठोकेही मारणारं, हे काम सहज करतं. पण बिट, म्हणजे भोक पाडणारं पुढचं टोक, काँक्रीटमधल्या सळईत अडकलं की मशीन मनगटाला जोराचा हिसका देतं, म्हणून बाजूची मूठ लावून दोन्ही हातांनीच धरायचं.

विजेचा धोका? वायरच्या ड्रिलला 230 व्होल्ट. सोललेली वायर, ओली फरशी अजिबात नको. पण भिंतीतली वायर लागली तर बॅटरीचंही वाचवेलच असं नाही. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली भोक पाडूच नकोस.

बिट बदलताना एकाचा प्लग काढायचा, दुसऱ्याची बॅटरी. गॉगल दोन्हींना हवाच. सुती हातमोजे नकोत, फिरत्या बिटात गुंततात.

तुझ्या काँक्रीटला वायरचंच घे. कोथरूडला ताईकडे फर्निचरचे स्क्रू, बिजागऱ्या एवढंच काम असतं, तिला बॅटरीचं हलकं ड्रिल बरं.