नुसता गेज की सोबत डेटालॉगर?

कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीला वाइडबँड सेन्सर (एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून हवा-इंधनाचे प्रमाण सांगणारा) बसवताना नुसता गेज, म्हणजे आकडा दाखवणारे मीटर, घ्यावा की आकडे नोंदवून ठेवणारा डेटालॉगरही, असा प्रश्न कोथरूडच्या एका मित्राला पडला आहे.

बसवण्याचे मुख्य काम दोन्हींत सारखेच आहे. एक्झॉस्ट पाइपला बंग (सेन्सर बसवायची आट्यांची कडी) वेल्ड करून सेन्सर आडव्या रेषेपासून किमान 10 अंश वर कललेला ठेवावा लागतो, नाहीतर पाइपात साचलेले पाणी उडून त्याचे तापलेले सिरॅमिक तडकते.

खर्च आणि वायरिंग गेजचे कमी. पण कात्रजचा घाट चढताना गेजकडे पाहत राहणे धोक्याचे आहे, शिवाय हवा-इंधन प्रमाणाचा 12.8 चा आकडा 14.5 वर नेमका कोणत्या आरपीएमला गेला, हे नंतर आठवत नाही. लॉगरमध्ये आरपीएम, थ्रॉटल आणि मिश्रण एकाच वेळरेषेवर दिसतात. मात्र 0 ते 5 व्होल्टचा सिग्नल घेताना सेन्सरचा कंट्रोलर आणि लॉगर यांचे अर्थिंग एकाच जागी करावे, नाहीतर लॉगरमध्ये चुकीचा आकडा दिसतो. या चुकीपायी माझे दोन रविवार नको ते जेट (कार्ब्युरेटरमधली इंधनाची मापाची छिद्रे) बदलण्यात गेले.

जेट एकदा बसवून नंतर फक्त लक्ष ठेवायचे असेल त्याला गेज पुरेसा आहे. पुढे कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन बसवून इंधनाचा मॅप (कोणत्या आरपीएमला किती इंधन, याचा तक्ता) स्वतः जुळवायचा असेल त्याने लॉगर आताच घ्यावा.