या महिन्याच्या अभ्यासाला कंपासपेटी पुरते का? एकेका साधनाचं परीक्षण

सहावी ते आठवीच्या वर्गांत सध्या जवळजवळ प्रत्येक विषय मोजमापावर येऊन ठेपलाय. भूमितीत लंबदुभाजक (रेषाखंडाच्या मध्यातून जाणारा लंब) आणि परिवर्तुळ (त्रिकोणाच्या तिन्ही कोपऱ्यांतून जाणारं वर्तुळ), विज्ञानात प्रकाशाचं परावर्तन, भूगोलात नकाशाचं प्रमाण, इतिहासात कालरेषा, शिवाय वृत्तालेख, म्हणजे वर्तुळाचे वाटे करून टक्केवारी दाखवणारी आकृती. या सगळ्यांसाठी मुलांच्या हातात असते ती पत्र्याच्या डब्यातली नेहमीची कंपासपेटी. या महिन्याच्या अभ्यासात तिच्यातलं कुठलं साधन साथ देतं आणि कुठलं ऐन वेळी दगा देतं, हे इथे एकेक करून पाहू.

निकाल आधीच सांगतो. पट्टी, गुण्ये आणि कोनमापक साध्या पेटीतलेही चालून जातात. कच्चा दुवा असतो तो कंपास, आणि या महिन्यात सर्वांत जास्त राबायचंय त्यालाच. पेटी घेताना बाकी सगळं एका नजरेत पाहिलं तरी चालेल, पण कंपास हातात घेऊन तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

कंपासचा जीव त्याच्या सांध्यात असतो. दोन पायांमधलं अंतर ५ सेमी ठेवा, एकच पाय चिमटीत धरा आणि हलकेच हलवा. दुसरा पाय हलला तर तो कंपास परत ठेवा. मग सांधा पाहा. तिथे स्क्रू असेल तर सैल झाल्यावर घरी पेचकसानं आवळता येतो. रिव्हेट ठोकलेला असेल तर एकदा सैल पडलेला सांधा कायमचा सैल. आमच्या मते डब्यावरच्या चित्रांपेक्षा आणि आतल्या नगांच्या संख्येपेक्षा हा एक स्क्रू महत्त्वाचा आहे.

घरी करायची खरी परीक्षा षट्कोनाची. ५ सेमी त्रिज्येचं वर्तुळ काढा. कंपासचं अंतर न बदलता परिघावरच्या एका बिंदूपासून कंस मारत पुढे सरका. सहावा कंस सुरुवातीच्या बिंदूवर आला पाहिजे. वर्तुळ काढल्यावर अंतर फक्त अर्धा मिलिमीटर वाढलं असेल, तर प्रत्येक पावलाला ६०ऐवजी साधारण ६०.७ अंशांचा कोन होतो आणि सहाव्या पावलाला चूक जवळजवळ साडेतीन मिलिमीटरवर जाते. म्हणजे डोळ्यांना न दिसणारा सैलपणा इथे लपत नाही. मुलाची रचना वारंवार चुकत असेल तर त्याला बोलण्याआधी ही चाचणी घ्यावी, कारण अनेकदा पायऱ्या अगदी बरोबर असतात आणि सांधा फसवत असतो.

सुईकडेही बघा. बारीक, वेगळी बसवलेली सुई आणि तिच्या टोकाच्या जरा वर एक छोटा खांदा असेल तर उत्तम. सुई ठरावीक खोलीपर्यंतच रुतते. स्वस्त कंपासात पायालाच शंकूसारखं टोक काढलेलं असतं. दोन-तीन वर्तुळं काढली की कागदावरचं छिद्र मोठं होतं आणि केंद्र सरकतं. पाय मिटल्यावर सुईचं टोक शिशाच्या टोकापेक्षा साधारण १ मिमी पुढे असावं, कारण तेवढं ते कागदात जातं. वहीच्या दहा-बारा पानांवर काम करावं. गुळगुळीत टेबलावर एकच सुटा कागद ठेवला तर सुईला धरायला काही नसतं आणि ती घसरते.

पेन्सिल अडकवायचा कंपास असेल तर पूर्ण लांबीची पेन्सिल लावू नका. वरचा भार वाढतो, पेन्सिल बोटांना अडते आणि हात वळताना अंतर बदलतं. ८ सेमीच्या आसपासचा तुकडा पुरतो. शिसं एचबीपेक्षा एच बरं, रेघ बारीक येते. टोक गोल ठेवण्याऐवजी बाहेरच्या बाजूनं पॉलिश पेपरवर तिरकं घासून घ्या, ते जास्त वेळ धारदार राहतं. फिरवताना कंपास वरच्या मुठीनंच धरायचा आणि फिरवण्याच्या दिशेला किंचित कलता ठेवायचा. पाय धरून फिरवला की त्रिज्या बदललीच म्हणून समजा.

आता लंबदुभाजक. रेषाखंड ६ सेमीचा असेल तर त्रिज्या ३ सेमीपेक्षा जास्त हवी, हे मुलांना पाठ असतं. पण किती जास्त, हे क्वचितच सांगितलं जातं. ३.१ सेमी घेतली तर वरचा आणि खालचा छेदनबिंदू एकमेकांपासून जेमतेम दीड सेंटिमीटरवर येतात, कंस एकमेकांना घासत जातात आणि नेमका बिंदू कुठला ते कळत नाही. एवढ्या जवळच्या बिंदूंमधून काढलेली रेघ पुढे वाढवली की तिरकी पळते. त्रिज्या ४.५ सेमी घ्या. कंस जवळजवळ काटकोनात छेदतात आणि दोन छेदनबिंदूंमध्ये साडेसहा सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर मिळतं. परिवर्तुळाला दोनच लंबदुभाजक पुरतात, तरी तिसरा काढायचाच. तिन्ही एका बिंदूत मिळाले तर काम चोख झालं. मध्ये छोटा त्रिकोण उरला तर त्याच्या आकारावरून चूक किती आहे ते कळतं. विशालकोन त्रिकोणाचं परिकेंद्र, म्हणजे परिवर्तुळाचं केंद्र, त्रिकोणाबाहेर पडतं, म्हणून आकृती पानाच्या कडेला सुरू करू नये.

कोनमापकाबाबत तक्रार कमी, पण तो वापरताना होणाऱ्या चुका खूप. पहिली चूक म्हणजे खालची कड शून्याची रेषा समजणं. पारदर्शक कोनमापकात शून्याची रेषा कडेच्या काही मिलिमीटर वर असते. दुसरी चूक आतल्या आणि बाहेरच्या आकड्यांची गल्लत. कोन काटकोनापेक्षा लहान की मोठा, हे मोजण्याआधी बोलून दाखवायची सवय लावली की ६०च्या जागी १२० लिहिलं जात नाही. विकत घेताना छपाई कुठल्या बाजूला आहे ते पाहा. ती कागदाला टेकणाऱ्या बाजूला असेल तर तिरकं पाहिल्यानं वाचन चुकत नाही. आकड्यांवरून नख ओढून पाहा. खरवडून निघत असतील तर ते वर्षभर टिकणार नाहीत. अचूकतेची मर्यादाही मुलांना सांगावी. ५ सेमी त्रिज्येच्या कोनमापकावर एक अंश म्हणजे कडेवरचे सुमारे ०.८७ मिमी. पेन्सिलीची रेघ अर्धा मिलिमीटर जाड असेल तर अर्ध्या अंशाहून जास्त तिथेच गेला.

हे वृत्तालेखात लगेच जाणवतं. एक टक्का म्हणजे ३.६ अंश. समजा वाटे ४०, २५, १८ आणि १७ टक्के आहेत: कोन १४४, ९०, ६४.८ आणि ६१.२ अंश. मुलं प्रत्येक कोन आधीच्या रेषेवरून मोजतात, त्यामुळे चुका साठत जातात आणि शेवटचा वाटा फुगतो किंवा आकसतो. त्यापेक्षा बेरजा करून सगळे कोन पहिल्याच रेषेपासून मोजा: १४४, २३४, २९८.८. अर्धवर्तुळी कोनमापकावर १८०च्या पुढचा कोन ३६०मधून वजा करून उलट्या बाजूनं घ्यायचा. म्हणजे २३४साठी १२६ आणि २९८.८साठी ६१.२. इथे पूर्ण वर्तुळाचा कोनमापक सोयीचा पडतो, पण पेटीत तो सहसा नसतो.

गुण्ये दोन: एक ३०-६०-९०चा, दुसरा ४५-४५-९०चा. काटकोन तपासायला गुण्या पट्टीला लावून लंब काढा, मग तो उलटवून त्याच बिंदूतून पुन्हा लंब काढा. रेघा वेगळ्या पडल्या तर त्यांच्यातल्या कोनाच्या निम्मी गुण्याची चूक. कोपरा तुटलेला गुण्या समांतर रेषांसाठी सरकवायला चालतो, लंबासाठी नाही.

दोन्ही पायांना टोकं असलेलं कर्कटक बरीच मुलं वर्षभर डब्यातून काढतही नाहीत. नकाशाचा धडा हीच त्याची वेळ. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर १ सेमी म्हणजे ५०० मीटर, म्हणून १ मिमीची चूक ५० मीटरची. वळणावळणाची नदी मोजायची असेल तर कर्कटक ५ मिमीवर ठेवून नदीच्या कडेनं पावलं टाका. प्रत्येक पाऊल २५० मीटर. पाऊल मोठं घेतलं तर वळणं कापली जातात आणि नदी आखूड भरते. सैल सांध्याचं कर्कटक इथेही निरुपयोगी.

विज्ञानाच्या प्रयोगात पेटीसोबत सपाट आरसा आणि चार टाचण्या लागतात. आरशाची रेघ आखताना काचेची पुढची कड धरू नका. नेहमीच्या आरशात परावर्तन मागच्या चकचकीत थरावर होतं, तोच रेघेवर यायला हवा. एका किरणावरच्या दोन टाचण्यांमध्ये निदान ५ सेमी अंतर असावं. त्या जवळ असल्या की दिशा चुकते. टाचण्या जुळवताना माथे पाहू नयेत, कागदाला टेकलेले तळ पाहावेत, कारण टाचणी तिरकी टोचली तर माथा फसवतो. आणि आपतन कोन, म्हणजे आरशावर येणाऱ्या किरणाचा कोन, मोजायचा तो स्तंभिकेपासून, म्हणजे किरण जिथे पडतो तिथे आरशाला काढलेल्या लंबापासून. आरशापासून मोजला तरी दोन्ही कोन सारखेच येतात, म्हणून ही चूक वहीत पकडली जात नाही. ३५च्या जागी ५५ लिहिलेलं राहून जातं.

पट्टीबद्दल थोडक्यात. १५ सेमीची पट्टी कालरेषेला पुरते: १० वर्षांना १ सेमी धरला तर १५० वर्षं बसतात, आणि वॉटच्या वाफेच्या इंजिनाचं १७६९चं पेटंट व १८२५चा स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वेमार्ग यांच्यात ५.६ सेमी अंतर पडतं. शून्याची खूण झिजली असेल तर १ सेमीपासून मोजून शेवटी १ वजा करा.

डबा म्हणाल तर झाकणाची बिजागरी आणि आतले खाचे एवढंच पाहा. खाच्यात साधनं घट्ट बसत नसतील तर दप्तरात आपटून सुई वाकते. पेटी चांगली पण कंपास सैल निघाला, तर पूर्ण पेटी बदलायची गरज नाही. स्क्रूच्या सांध्याचा कंपास सुटा घ्यावा. सहावीला पेन्सिल अडकवायचा बरा, कारण शिसं तुटलं तर वर्गात लगेच दुसरी पेन्सिल मिळते. आठवीपर्यंत हात स्थिर झाला की २ मिमी शिशाचा कंपास द्यावा, सोबत चार-पाच जादा शिसं आणि पॉलिश पेपरचा एक तुकडा डब्यातच ठेवून.